परत नाही आणला तर?

अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत सभासदाला लॅपटॉप घरी न्यायला मिळतो. कार्ड दाखवायचं, सही करायची, पिशवीत घालायचा आणि मुदत संपली की परत आणायचा. काही ठिकाणी सोबत इंटरनेटची डबीही देतात. केकचे साचे, भिंतीला भोक पाडायचं ड्रिल, मासे पकडायचे गळ हेही तिथं उसनं मिळतं. ही बातमी यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे ठेवून बघा. चहा यायच्या आधी प्रश्न येईल, "अन् परत नाही आनला तं?"

प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. संस्थेची त्याच्याइतकी काळजी कुणालाच नसते. त्या काळजीपोटीच तर संस्थेचा एकुलता एक संगणक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली असतो, ती खोली कुलपात असते, किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव मुलाकडे पुण्याला असतात. यंत्र मात्र सुखरूप आहे. वॉरंटी संपली, आतली प्रणाली कालबाह्य झाली, पण कळफलकावरचं एक अक्षर पुसलेलं नाही.

दिलेली वस्तू परत कशी घ्यायची, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला पडावा याचं नवल वाटतं. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण साऱ्या देशासमोर परत घेऊन दाखवलं गेलं होतं. त्यापुढे दीड-दोन किलोचा लॅपटॉप काय चीज आहे?

आणि उसनवारीचं म्हणाल, तर तीही आमच्या अंगवळणी पडलेली. यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वे इंग्रज गेल्यावरही कित्येक दशकं इंग्रजी कंपनीच्या मालकीच्या रुळांवर धावली. रूळ त्यांचे, गाडी आपली. आख्खा लोहमार्ग उसना वापरलेल्या जिल्ह्यात लॅपटॉप उसना द्यायचा म्हटला की ठरावाला अनुमोदक मिळत नाही.

अनुमोदक मिळालाच तर दुसरा आक्षेप तयार असतो. "लॅपटॉप कायले पायजे? पोट्ट्यायजवळ मोबाइल हायेत ना!"

आहेत. त्याच मोबाइलवर एकदा नोकरीचा अर्ज भरून बघावा. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत, जातीचा दाखला पीडीएफमध्ये, नॉन-क्रीमिलेअर वेगळं. बोटभर पडद्यावर अर्ज निम्मा भरून होतो, तेवढ्यात ओटीपी येतो. ओटीपी बघायला मेसेज उघडावा तर इकडे पान गायब. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पोरगं उठतं आणि चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन पैसे मोजून मोकळं होतं. 2023 च्या खरिपात पीक विमा एका रुपयात आला, तेव्हा अशाच सेंटरवर तो एक रुपया भरून देण्याचे शेतकऱ्याकडून शंभर-शंभर रुपये घेतल्याच्या तक्रारी झाल्या. केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे 40 रुपये मिळत होते, ते वेगळे. सरकारने सेवा स्वस्त केली, सेवेपर्यंत पोचायचा रस्ता मात्र टोलनाक्यावरून नेला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 2017-18 ची पाहणी सांगते की देशातल्या ग्रामीण घरांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक होता. शहरांत हाच आकडा 23.4 टक्के. संगणक म्हणताना त्यात लॅपटॉपही आला. म्हणजे गावातल्या शंभर घरांपैकी पंचाण्णवांना यंत्र दुसरीकडे जाऊनच बघायचं होतं. मधल्या काळात दोन-चार घरं वाढली असतील असं समजू. तेवढ्याच काळात ई-पीक पाहणी आली, केवायसीची ई-केवायसी झाली, शिष्यवृत्ती, प्रवेशफेऱ्या आणि दाखले, सगळं पोर्टलवर गेलं. सरकार पडद्यामागे गेलं आणि पडदा ज्याचा त्याने आणायचा.

भरतीचा खेळ त्याहून मजेशीर. गावातल्या अभ्यासिकेत पोरगं दोन वर्षं छापील पुस्तकातून तयारी करतं. टेबलाला नाव कोरलेलं, पाण्याची बाटली, चालू घडामोडींचे अंक, भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं वेळापत्रक. परीक्षेच्या दिवशी त्याला संगणकासमोर बसवतात. घड्याळ उलटं धावायला लागतं आणि हातात माउस येतो. इतिहास पाठ आहे, अंकगणित पक्कं आहे, पण 'सेव्ह अँड नेक्स्ट' कुठे आहे हे शोधण्यात पहिली पाच मिनिटं जातात. राज्याने परीक्षा संगणकावर नेली आणि सरावाला ठोकळा ठेवला.

2023 ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. शुल्क खुल्या गटाला 1000 रुपये, राखीव गटाला 900. सगळ्यांनी 900 च भरले असं धरा, तरी दहा लाखांचे 90 कोटी होतात. परीक्षा घ्यायला खर्च येतो, मान्य आहे. तरीही ढोबळ हिशेब करून ठेवायला काय हरकत? साधा, कामचलाऊ लॅपटॉप 35 हजारांचा धरला तर 90 कोटींत पंचवीस हजारांवर लॅपटॉप येतात. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार. प्रत्येकाला दोन. वर उद्घाटनाच्या नारळाचे पैसे उरतात, आणि नारळाशिवाय आमच्याकडे काहीच सुरू होत नसल्यामुळे ते उरायलाच हवेत.

आता ग्रंथालयाच्या खिशात हात घालून बघू.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे आमच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. तेव्हा या कायद्याबद्दल यवतमाळकराने तक्रार करणं म्हणजे घरच्याच वरणाला नाव ठेवणं. पण वरण 1967 चं आहे हे तर सांगावं लागेल. मद्रासने 1948 सालीच ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर बसवला, पुढे कर्नाटक आणि केरळनेही तीच वाट धरली. आपण उपकर टाळला आणि अनुदान दिलं. ग्रंथालय गावकऱ्यांनी चालवायचं, सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि वर्गाप्रमाणे पैसे द्यायचे. 2012 मध्ये राज्यभर पडताळणी झाली आणि त्यानंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही थांबली. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथं ते येईना आणि जिथं 'ड' होतं तिथं ते 'ड' च राहिलं. विद्यार्थी एकाच इयत्तेत दहा वर्षं बसवला की शिक्षकाची चौकशी होते. इथं मात्र त्याला धोरण म्हणतात.

2022 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं. ऐकायला भरघोस. 'ड' वर्गाचे वर्षाचे 30 हजार होते, त्याचे 48 हजार झाले. यातली निम्मी रक्कम पगाराची, म्हणजे महिन्याला 2000 रुपये. या दोन हजारांत जो माणूस मिळतो त्याला ग्रंथपाल म्हणतात. कुलूप उघडणं, झाडणं, वर्तमानपत्रं लावणं, देवघेव लिहिणं, वाचकाशी गोड बोलणं आणि तपासणीच्या दिवशी सगळी रजिस्टरं अद्ययावत ठेवणं एवढंच त्याचं काम. उरलेल्या 24 हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागाभाडं आणि पाहुण्यांचा चहा. या हिशेबात 35 हजारांचा एक लॅपटॉप म्हणजे पावणेनऊ महिन्यांचं पूर्ण अनुदान. अनुदानात पुढे आणखी काही हजार मिळवले तरी गणित हलत नाही. ग्रंथपालाच्या जवळजवळ दीड वर्षाच्या पगाराइतकी महाग वस्तू त्याच ग्रंथपालाने गावातल्या पोराला पिशवीत घालून द्यावी, असं आपण म्हणतो आहोत. त्याच्या कपाळावर घाम आला तर तो उन्हाळ्याचा नाही.

कारण जडसंग्रह नोंदवहीत त्या लॅपटॉपपुढे जबाबदार म्हणून सही त्याची असते. तो हरवला तर प्रश्न त्याला विचारले जातात. केव्हा गेला, कुणाला दिला, कुणाच्या परवानगीने दिला, वसुली का केली नाही? आणि तोच लॅपटॉप पाच वर्षं कपाटात पडून सडला तर? कुणी काहीही विचारत नाही. तपासणीला आलेला माणूस कपाट उघडायला सांगतो, लॅपटॉपवरचा पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांक वहीशी ताडून बघतो आणि शेरा मारतो, 'वस्तू जागेवर आढळली.' आमच्या सगळ्या सार्वजनिक संपत्तीचं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आलं. हरवलेल्या वस्तूचा जाब असतो, न वापरलेल्या वस्तूचा नसतो. मग शहाणा माणूस काय करेल? कुलूप लावेल.

हा रोग आमचाच आहे असंही नाही. युरोपात मध्ययुगात पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तशी बांधलेली पुस्तकं आजही बघायला मिळतात. हार्वर्डच्या एका जुन्या ग्रंथपालाचा किस्सा ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक असतो. स्वारी मोठी खुशीत रस्त्याने चाललेली. कुणीतरी कारण विचारलं. म्हणाले, सगळी पुस्तकं कपाटात आली आहेत, फक्त दोन एका प्राध्यापकाकडे राहिलीत, तीच आणायला निघालोय. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा मथितार्थ एवढाच की पुस्तक वापरण्यासाठी असतं, राखण्यासाठी नसतं. रंगनाथन यांची जयंती, 12 ऑगस्ट, आम्ही ग्रंथपालदिन म्हणून साजरी करतो. त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि हार घालून झाला की कपाटाला कुलूप घालतो.

तरीही समजा, वरून आदेश आला की लॅपटॉप द्यायचेच. मग काय होईल तेही आम्ही सांगून ठेवतो. सर्वात आधी नियमावली येईल.

एक. लॅपटॉप फक्त आजीव सभासदास मिळेल. आजीव सभासद बहुतेक सत्तरीपुढचे असल्याने मागणी आपोआप आटोक्यात राहील.

दोन. लॅपटॉपच्या किमतीइतकी अनामत भरावी. म्हणजे ज्याला विकत घेता येतो त्यालाच उसना मिळेल.

तीन. दोन जामीनदार आणावेत, पैकी एक शासकीय नोकर असावा. शासकीय नोकरीचा अर्ज भरायला शासकीय नोकर लागतो हे उमेदवारास आताच कळलेलं बरं.

चार. लॅपटॉप वाचनालयातच, ग्रंथपालाच्या नजरेच्या टप्प्यात वापरावा. बँकेत सुतळीने बांधलेल्या पेनासारखा तो टेबलाला बांधलेला राहील. चार्जरसाठी स्वतंत्र अर्ज करावा.

पाच. चित्रफिती बघण्यास सक्त मनाई आहे. संपूर्ण शिकवणी यूट्यूबवर असली तरी.

सहा. लॅपटॉपसाठीचा अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारला जाईल.

सात. मा. पालकमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण होईपर्यंत नियम 1 ते 6 लागू होणार नाहीत, कारण तोवर खोके उघडायचेच नाहीत.

हे सगळं टाळता येतं. दिलेला लॅपटॉप बिघडेल, कुणी त्यात भलतंच काही भरून ठेवेल, बँकेचा पासवर्ड मागे राहील, या सगळ्यांवर इलाज निघालेले आहेत. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की मधलं सगळं पुसलं जाऊन पहिल्यासारखं होतं, अशी सोय कधीची आली आहे. मुदत उलटली तर यंत्र दुरून बंद करता येतं. मग ते चोराच्याही कामाचं राहत नाही. आणि तीन हजार वस्तीच्या गावात कुणाच्या घरी काय आहे हे ग्रंथपालाला सांगायला उपग्रह लागत नाही. पोराचं नाव, बापाचं नाव, मामाचं गाव त्याला पाठ असतं. न्यूयॉर्कच्या ग्रंथपालाला ही सोय नाही, तरी तो इंटरनेटची डबी बिनधास्त हातात ठेवतो. आमचा ग्रंथपाल चार पिढ्या ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच देत नाही.

उसनं देण्याचं धाडस मराठी माणसाला परकंही नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी होती. पेटीत पुस्तकं भरायची, पेटी खेड्यात पाठवायची, गावाने वाचायची आणि परत धाडायची. तेव्हाच्या खेड्यात छापील पुस्तक किती दुर्मीळ आणि किती किमती होतं याचा अंदाज करा. त्या काळी बडोद्याच्या दरबारात कुणी विचारलंच नसेल का, की परत नाही आलं तर? विचारलं असणार. महाराजांनी पेटी पाठवली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. म्हणजे परंपरा हवी असेल तर तीही घरातच आहे. भाषणात ती आम्ही नेहमी वापरतो.

आजचं उदाहरण हवं तर शेजारच्या कर्नाटकात बघावं. तिथं ग्रामविकास खात्याने पाच हजारांहून जास्त ग्रामपंचायत ग्रंथालयं हाती घेतली, त्यांत संगणक आणि इंटरनेट नेलं आणि पोरांना आत बोलावलं. आपल्याकडे राज्य सरकारची महाज्योती संस्था नीट-जेईईची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब देते, रोजचा डेटा देते. म्हणजे सरकारला यंत्र लोकांच्या हातात द्यायला भीती वाटते असं नाही. फक्त ते यंत्र एका परीक्षेच्या एका उमेदवाराला मिळतं. ग्रंथालयाच्या कपाटातलं यंत्र आज तलाठ्याच्या उमेदवाराला, उद्या विम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला, परवा पोरीच्या प्रवेशफेरीसाठी आलेल्या आईला. एका लॅपटॉपला वर्षाला पन्नास घरं. पण पन्नास घरांना वाटून दिलेल्या यंत्राबरोबर एकाच लाभार्थ्याचा फोटो काढता येत नाही, हा त्या योजनेचा मूळ दोष.

पैशाचं म्हणाल, तर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून याच कामासाठी बसलेलं आहे आणि संगणकासाठीही मदत देतं. 2023 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर केलं, आणि ते वाचायची सोय पंचायत व प्रभाग पातळीवरच्या ग्रंथालयांत करायला राज्यांना प्रोत्साहन देऊ असंही सांगितलं. प्रोत्साहन आमच्या झरी-जामणीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात याचं कोष्टक अजून कुणी छापलेलं नाही.

तोवर घरचा हिशेब करू. यवतमाळ जिल्ह्यात आमदार सात. आमदार निधी प्रत्येकी वर्षाला 5 कोटी, एकूण 35 कोटी. त्यातला फक्त एक टक्का काढा. 35 लाख. त्यात 35 हजारांचे बरोब्बर शंभर लॅपटॉप येतात. जिल्ह्यात तालुके सोळा. प्रत्येक तालुक्याला सहा, आणि चार उरतात ते बिघडलेल्यांच्या जागी. नियमात बसत नाही, असं कुणी म्हणेल. सभामंडप, प्रवेशद्वार आणि स्वागत कमान नियमात बसवणाऱ्या माणसांकडे हे काम सोपवा. दुपारपर्यंत बसवून देतील.

एवढं करूनही लॅपटॉप कपाटातच राहील, जोवर तपासणीचा फॉर्म बदलत नाही. म्हणून मागणी एकच, आणि तिला पैसा लागत नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणी-पत्रकात 'वस्तू जागेवर आहे काय?' या प्रश्नाखाली आणखी एक रकाना आखा : 'वर्षभरात किती वेळा जागेवर नव्हती?' ज्याचं उत्तर शून्य, त्याला खुलासा विचारा. ज्याचं उत्तर शंभर, त्याचा एखादा लॅपटॉप हरवला तरी तो ग्रंथपालाच्या दोन हजारांतून कापू नका, निर्लेखित करा. शंभर वेळा बाहेर जाऊन एकशेएकाव्या वेळी हरवलेल्या 35 हजारांच्या यंत्राचा खर्च दर खेपेला साधारण 350 रुपये पडतो. एकदाही बाहेर न गेलेल्या यंत्राचा खर्च काढायला बसलो, तर शून्याने भागावं लागतं. तेवढं गणित तलाठी भरतीच्या उमेदवारालाही येतं.